बारा मिनिटांनंतर

वृंदा शिनगारे दिल्लीत नेमकं काय करते, हे तिच्या वडिलांना कधी नीट समजलं नव्हतं. "सरकारला पटवायचं काम करते," असं ते गावात सांगत. ते खरंही होतं.

'वायुवेग' नावाच्या कंपनीला आवाजापेक्षा जास्त वेगाने उडणारं प्रवासी विमान बांधायचं होतं. मुंबईहून हाँगकाँग पावणेतीन तासांत. विमानाचं नाव 'शीघ्रा'. त्याच्या विकासाचा निम्मा खर्च केंद्र सरकारने उचलावा आणि जमिनीवरून अशा उड्डाणांना असलेली बंदी उठवावी, असा प्रस्ताव संसदेच्या समितीपुढे होता. समितीत एकवीस सदस्य. वृंदा दोन वर्षं त्यांच्या मागे होती. कुणाला मतदारसंघात सुट्या भागांचा कारखाना हवा होता, कुणाला विमानतळाचं आश्वासन, तर कुणाला समोर बसून शांतपणे समजावून सांगणारं माणूस. मतदानाला तीन आठवडे उरले तेव्हा दहा जण बाजूने होते, दहा विरोधात, आणि एक कुंपणावर.

तो एक म्हणजे दिगंबरराव मुळूक. वृंदाच्याच भागाचे खासदार.

"ताई," ते म्हणाले, "तुमचं विमान सहा महिने झाले माझ्या लोकांच्या डोक्यावरून उडतंय. चाचणीसाठी बालाघाटचा डोंगर तुम्हीच सुचवलात म्हणे. आता लोकांचं म्हणणं मला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुम्ही तिथल्याच."

"सर्वेक्षण झालंय, दादा. चार हजार घरं. अठ्ठ्याण्णव टक्के लोकांनी त्रास नाही म्हणून लिहून दिलंय."

"कागद मी वाचलाय. तुम्ही जाऊन या."

म्हणून वृंदा कॅमेरा घेऊन वाघदऱ्याला निघाली. आईच्या तेराव्यानंतर, म्हणजे चौदा महिन्यांनी, ती पहिल्यांदाच घरी चालली होती.

*

तिचे वडील भानुदास शिनगारे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कुठल्या फाट्याला किती वाजता पाणी सोडलं, हे चौतीस वर्षं लिहिण्यात गेलं होतं. निवृत्त झाले तरी खिशातली डायरी आणि मनगटावरचं घड्याळ सुटलं नव्हतं. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, दोन हात जाडीच्या दगडी भिंतींचं, पण नीट राखलेलं. मधल्या खोलीला एकच दार होतं आणि छताला हातभर रुंदीचा सवणा, उजेडापुरतं भोक.

वृंदाला वाटलं होतं, अण्णा खंगलेले दिसतील. तसं काहीच नव्हतं. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. अकरा वाजता त्यांनी स्वतः चहा टाकला आणि तीन कप भरले.

"कोण येणार आहे?"

"बस तू," अण्णा म्हणाले आणि मधल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसले. तिसरा कप त्यांनी उंबऱ्यापाशी ठेवला होता.

अकरा वाजून बारा मिनिटांनी वृंदाचे कान दडपले, घाटात गाडी चढताना दडपतात तसे. आवाज मात्र काहीच नव्हता. फडताळातल्या पितळी डब्यांची झाकणं अगदी हलकी किणकिणली. छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी तळहात ठेवल्यासारखं झालं, डोळ्यांच्या कोपऱ्यात उजेड थरथरला. आणि मग तिला कळलं की दारात कुणीतरी उभं आहे. दिसत काहीच नव्हतं. तरी आपण आंघोळ करताना दाराबाहेर कुणी उभं राहिलं की जसं कळतं, तसं कळलं. पक्कं.

"आलीस?" अण्णा हळूच म्हणाले.

वृंदाला मान वळवता येईना. आई जिल्ह्याच्या दवाखान्यात वारली त्या दिवशी ती दिल्लीत विधेयकाच्या एका दुरुस्तीवरच्या मतदानात अडकली होती. फोन आवाज बंद करून पर्समध्ये टाकलेला. संध्याकाळी पाहिला तेव्हा त्यावर अण्णांचे अकरा कॉल होते. आता दारातून जी कुणी पाहत होती, ती काही बोलत नव्हती. फक्त पाहत होती.

अर्ध्या मिनिटात सगळं ओसरलं. डबे गप्प झाले.

"पाच महिने झाले," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. "दिवसातून दोनदा येते. तुला सांगणार होतो, पण फोनवर सांगितलं असतं तर तू डॉक्टर पाठवला असतास."

"अण्णा, वेळा लिहून ठेवल्यात?"

"न लिहून कसं चालेल?"

त्यांनी डायरी दिली. निळ्या शाईत, सुबक अक्षरात: ११.१२. ४.४२. ११.१३. ४.४१. रविवारी काहीच नाही. वृंदाने लॅपटॉप उघडला आणि चाचणी उड्डाणांचं वेळापत्रक शेजारी लावलं. अकरा आणि साडेचार. रविवारी सुट्टी. सगळीकडे फरक तेवढाच, बारा मिनिटं, फार तर एखादं इकडेतिकडे.

*

कॅमेरा घेऊन ती बाहेर पडली. पहिलं घर शेजारच्या गयाबाई तांदळेंचं. मधली भिंत दोन्ही घरांची एकच. दाराला कुलूप होतं. गयाकाकू एसटीच्या निवाऱ्यात बाकावर बसून ताटात तूर निवडत होत्या.

"काकू, उन्हात इथं कशाला बसलात?"

"अकराला अन् साडेचारला म्या घरात थांबत नाही, माय." त्यांनी खडा उचलून फेकला. "हे येतेत."

हे म्हणजे त्यांचा नवरा. त्याला मरून नऊ वर्षं झाली होती. तो कसा माणूस होता हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. लहानपणी भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचा आवाज सुरू झाला की आई उठून रेडिओ मोठा करायची, हे वृंदाला आठवलं. आई कधी पलीकडे गेली नाही. गल्लीतलं कुणीच गेलं नाही.

"नऊ वर्षं म्या सुखानं निजले," गयाकाकू म्हणाल्या. "आता रोज दोन बार येतेत. बोलत नाहीत. नुसते दारात उभे राहतेत. ते दारात असे उभे राहिले म्हंजे पुढं काय व्हायचं, ते मला ठावं हाय की. लई दिवस म्या कोपऱ्यात बसून राह्यले. मग कळलं, इथं उघड्यावर आलं की येत नाहीत."

"पण तुम्ही तर फॉर्मवर त्रास नाही म्हणून अंगठा दिलाय."

"त्या पोरीनं इचारलं, इमानाच्या आवाजाचा तरास होतो का. म्या म्हणलं, नाही. कुठं दिसतंय इमान? कुठं येतोय आवाज?"

वृंदाने कॅमेरा सुरूच केला नव्हता. त्या दिवशी ती सतरा घरांत गेली. नऊ घरांत कुणी ना कुणी येत होतं. कुणी नैवेद्य दाखवत होतं, कुणी दाराला लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या, एका घरात सून माहेरी निघून गेली होती. विमानाचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं.

*

इस्माईल बागवान हा कंपनीतला ध्वनिशास्त्रज्ञ. मूळचा सोलापूरचा. वृंदाने त्याला फोन करून डायरीतल्या वेळा वाचून दाखवल्या.

"तुमचं घर माळवदाचं आहे ना, मॅडम?" त्याने विचारलं.

"हो."

"मग ऐका. विमान आवाजापेक्षा जोरात गेलं की पुढची हवा दबते. तळ्यात होडी गेली की नाकापासून दोन्हीकडे लाट फाकते ना, तशी दाबाची लाट मागे फाकत जमिनीवर येते. जुन्या विमानांच्या अशा सगळ्या लाटा एकत्र व्हायच्या आणि तोफेसारखा बार व्हायचा. शीघ्राचं नाक आम्ही लांबच लांब केलं. लाटा सुट्या राहिल्या, बार गेला. खाली पोचते ती शेजारच्या घरात कपाटाचं दार लावल्यासारखी धप. तीही कुणाच्या लक्षात येत नाही."

"मग हे काय आहे?"

"खाली येणारी लाट तुम्हाला सांगितली. पण लाट वरही जाते. चाळीस-पन्नास किलोमीटरवर हवेचा उबदार थर आहे, तिथून ती वाकून परत खाली येते. त्या प्रवासात कानाला कळणारे सूर गळून जातात, उरतात ते अगदी खालचे. सेकंदाला अठरा-एकोणीस थरथराटांचे. माणसाच्या कानाला विसाच्या खाली ऐकू येत नाही. विमान बीदरवर असताना निघालेली लाट तुमच्या डोंगरावर उतरायला बारा मिनिटं लागतात. तोवर विमान शेकडो किलोमीटर पुढे गेलेलं असतं. कोण जोडणार संबंध?"

"आणि घर?"

"रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली घुमते. जाड भिंती, एक दार, वर एक भोक, म्हणजे तुमची खोली ही बाटलीच झाली. ती नेमकी त्याच सुरात घुमते. छाती हलते, बुबुळं हलतात. शरीराला कळतं की काहीतरी आहे आणि मेंदूला कारण सापडत नाही. मग मेंदू ती जागा भरतो. ज्याच्या मनात जे माणूस दारात उभं असतं, ते तो तिथे उभं करतो." तो थांबला. "सगळं लिहून दिलं होतं मी. अहवालाचं परिशिष्ट सात. सबनीस सरांनी काढून टाकलं."

सबनीस म्हणजे कंपनीचे संचालक, वृंदाचे वरिष्ठ. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज जराही न चढवता म्हणाले, "ऐकू येत नाही त्याला आवाज कसं म्हणायचं, वृंदा? कायद्यात मोजमाप कानाचं आहे. आपला एकही आकडा खोटा नाही. परत ये आणि मुळूकांना सांग, लोक समाधानी आहेत. निम्मे तर खरंच असतील."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने अण्णांना सगळं समजावून सांगितलं. कालव्याच्या पाण्याचा हिशेब ऐकावा तसं त्यांनी नीट ऐकलं. लाट कुठून निघते, किती वेळात पोचते, हे प्रश्नही विचारले.

"म्हणजे ती विमानं बंद झाली तर ती यायची थांबणार," ते म्हणाले.

"ती येतच नाही, अण्णा. तेच तर सांगतेय."

"तू काल का घाबरलीस मग?"

वृंदाने लॅपटॉप मिटला.

"पाणी धरणातलं असो की पावसाचं, तहान भागली म्हणजे झालं. तू बंद करू नकोस, बाळा. एवढं एकच मागतोय तुझ्याकडे."

"पलीकडे गयाकाकू आहेत. भिंत एकच आहे, अण्णा. इकडे आई येते तेव्हा तिकडे तो येतो."

अण्णा मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "तेव्हाही आम्ही काही केलं नाही." साडेचारच्या आधी उठले आणि चहाचं आधण ठेवलं.

वृंदाने मुळूकांना फोन लावला. कागद दाखवून उपयोग नाही, हे ती दोन वर्षांत शिकली होती. माणसाला जागेवर न्यावं लागतं. "दादा, वाघदऱ्याला या," ती म्हणाली. "एका खोलीत दहा मिनिटं बसा. मग हवं तसं मत द्या."

शनिवारी ते आले. गयाकाकूंनी कुलूप काढून दिलं, स्वतः उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. मुळूक खोलीत खुर्चीवर बसले. वृंदा आणि काकू रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली. आता घाबरून बाहेर येतील, असं वृंदाला वाटत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

ते बाहेर आले तेव्हा त्यांनी चौकट धरली होती. सत्तरीचा, सहा निवडणुका जिंकलेला माणूस लहान मुलासारखा हुंदके देत होता.

"हर्षल होता," ते म्हणाले.

हर्षल त्यांचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकलवरून गेला, त्याला आठ वर्षं झाली होती.

"बाहेरून आला की असाच दारात थांबायचा. मी रागावलोय का ते बघायचा आधी." त्यांनी गयाकाकूंकडे पाहिलं. "रोज येतो का हो तो इथं?"

गयाकाकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "माझ्या घरात तुमचं लेकरू?" त्या म्हणाल्या. "तिथं आमचे हे असतेत, साहेब. हातात पट्टा घेऊन."

वृंदाने इस्माईलकडून मागवलेलं परिशिष्ट सात त्यांच्या हातात ठेवलं. लाट, थर, बाटली, सगळं पुन्हा सांगितलं. आत कुणीही नसतं, हे तीन वेळा सांगितलं.

"कळलं, ताई," मुळूक डोळे पुसत म्हणाले. "मी इतका अडाणी नाही. पण कळलं म्हणून काय झालं? ह्याला मी हाताने बंद करू?"

*

वृंदाने राजीनामा दिला आणि परिशिष्ट सात समितीच्या एकवीसही सदस्यांना पाठवलं, वर्तमानपत्रांनाही दिलं. चार दिवस तेवढीच चर्चा होती. सबनीसांनी खुलासे तयार ठेवले होते, पण त्यांची वेळच आली नाही.

पाचव्या दिवसापासून खासदारांकडे पत्रं यायला लागली. विरोधाची पत्रंही त्यात होती, पण मूठभर. बाकीची वेगळी होती. विदर्भातल्या एका आईने विचारलं होतं, मार्ग आमच्या तालुक्यावरून नेता येईल का? एका निवृत्त सुभेदाराने घराचं मोजमाप पाठवलं होतं, एवढ्या खोलीत लाट घुमेल का म्हणून. कुणी लिहिलं होतं, आमच्या घराला खिडक्या जास्त आहेत, त्या बुजवू का? ज्यांचं मन वळवायला वृंदाने दोन वर्षं घालवली होती, त्यांची मनं आता मेलेली माणसं वळवत होती. कंपनीला तिची गरजच उरली नव्हती.

प्रस्ताव अकरा विरुद्ध दहा मतांनी मंजूर झाला. मतदानानंतर मुळूक सभागृहाबाहेर तिला भेटले. तिच्याकडे न बघता हात जोडून पुढे गेले. महिनाभरात त्यांनी गयाकाकूंची खोली विकत घेतली, काकूंनी मागितली त्याहून जास्त किंमत देऊन.

वृंदा गयाकाकूंना घेऊन पुण्याला आली. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, सगळीकडे खिडक्या. पहिले काही दिवस अकरा वाजले की काकू जिन्यात जाऊन बसायच्या. मग एके दिवशी अकरा वाजून गेले आणि त्या स्वयंपाकघरात भाकरी थापत राहिल्या. इस्माईलही नोकरी सोडून आला होता. दोघं मिळून गावोगाव यंत्रं लावून न ऐकू येणारा आवाज मोजत, मोजमापाचा कायदा बदलावा म्हणून अर्ज करत. अर्ज पुढे सरकत नव्हते.

अण्णा मात्र गाव सोडून यायला तयार नव्हते.

*

तीन वर्षांनी शीघ्राची नियमित सेवा सुरू झाली. दिवसाला दोन उड्डाणांची सोळा झाली, मग बावीस. जाणारी आणि येणारी. प्रवाशांनी भरलेल्या जड विमानाची लाट वरच्या थरातून पुन्हा पुन्हा वाकून तास-दीड तास उतरत राहायची; ती ओसरायच्या आत दुसरी डोंगरावर पोचायची.

पुढच्या वैशाखात अण्णांचा फोन आला. "मला ने," एवढंच म्हणाले.

वृंदा पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वाघदऱ्याची सगळी गल्ली घराबाहेर होती. बाजा, चुली, शिवणयंत्रं, शाळेच्या पोरांची दप्तरं, सगळं कडुनिंबांच्या सावलीला मांडलेलं. घरांची दारं सताड उघडी आणि आत माणूस नाही. मुळूकांच्या खोलीला कुलूप होतं. आधी ते दर शनिवारी येत, शेजारीण सांगत होती. शेवटचे आले तेव्हा गाडीतून उतरलेच नाहीत. दाराकडे बघत बसले आणि तसेच परत गेले.

अण्णा ओट्याच्या कडेला बसले होते. सदऱ्याची इस्त्री गेली होती.

"ती आता जातच नाही," ते म्हणाले. "आधी यायची, अर्धा मिनिट थांबायची, जायची. मग मी साडेचारची वाट बघायचो. त्यात दिवस छान जायचा. आता सकाळपासून उभीच असते. बस म्हटलं तर बसत नाही. बोलत नाही. मी जेवतो, ती उभी. मी पडतो, ती उभी."

"अण्णा..."

"ऐक तर. परवा तिचा चेहरा आठवायला गेलो. नाही आला. दारात कुणीतरी आहे एवढंच कळतं. ती आहे की दुसरं कुणी, ते समजेना. चाळीस वर्षं संसार केला मी तिच्याबरोबर. आता घरात जायची भीती वाटते." त्यांनी वृंदाचा हात धरला. "तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही."

"आई तिथे नाही असं मलाही म्हणवलं नाही, अण्णा. त्या दिवशी दारात. नाहीतर मुळूकांना खोलीत बसवण्याऐवजी तेव्हाच सगळं लोकांसमोर मांडलं असतं."

बॅग भरायला ती एकटीच आत गेली. मधल्या खोलीत डब्यांची झाकणं न थांबता किणकिणत होती. तिने मान खाली घालून कपडे, औषधं, चष्मा गोळा केला. दाराशी आली तेव्हा थांबली, जरा अंग चोरलं, कुणाला धक्का लागू नये म्हणून वाकतो तसं, आणि बाहेर पडली.

अण्णांनी स्वतः दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणतो. शेजारच्या गावाला निघाला तरी 'येतो' म्हणतो, परदेशी निघाला तरी. अण्णांनी आयुष्यात वेगळं काही म्हटलेलं वृंदाने ऐकलं नव्हतं.

त्यांनी बंद दारावर तळहात ठेवला. लाकूड आतून थरथरत होतं.

"जातो गं," ते म्हणाले.